केळ्याचे तीन काप

मंगळवार, ता. ९

अक्का,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? थंडी पडायला लागली आहे, मोजे घालत जा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि शेजारपाजारच्यांना तुमच्या कानात ओरडायला लावावं असा हा निरोप नाही, म्हणून लिहितो आहे. आधीच सांगतो, घाबरू नका. तुमची धाकटी बहीण बरी आहे. म्हणजे शुद्धीवर आहे, बोलते आहे. हॉस्पिटलात आहे, पण बरी आहे.

मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. मांडीवर पुठ्ठा घेतला आहे.

काल सकाळची गोष्ट. ती उठली तीच मुळी कंटाळलेली. पोट जड आहे, आज काही नको म्हणाली. दोन-तीन केळ्याचे काप तेवढे तोंडात टाकले आणि कपबश्या विसळायला उभी राहिली. मी पेपर वाचत होतो. कप फुटल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "गेला का?" एरवी यावर तिचं उत्तर ठरलेलं असतं, "तुम्ही विसळा मग." काल उत्तर आलं नाही.

मी आत गेलो तर तिने मोरीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. अंगावरचे कपडे घामाने भिजून पाठीला चिकटले होते, थंडीच्या दिवसांत! मी म्हटलं, काय होतंय? तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही कोण? हे कुणाचं घर आहे?"

अक्का, इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला काय काय म्हटलं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, पण "तुम्ही कोण" कधी म्हटलं नव्हतं. पुढच्या क्षणी ती खाली सरकली. मी पकडली, पण पकडून मीही खालीच बसलो.

मी ओरडल्यावर समोरच्या घरातली शिवणकाम करणारी बाई धावत आली. गळ्यात टेप तशीच होती. बाई हुशार. तिने अँब्युलन्सच्या गाडीला फोन लावला आणि लगेच साखरेचं पाणी कालवून आणलं. मी तिला ते देऊ दिलं नाही. हातानेच बाजूला सारलं. म्हटलं, साखर अजिबात नको. ती माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हा मला तेच बरोबर वाटलं.

गाडीतल्या माणसाने बोटाला टोचून मशीन लावलं. मशीनवर आकडा आलाच नाही, अक्षरं आली. मी विचारलं, बिघडलंय का? तो म्हणाला, "मशीन ठीक आहे आजोबा. साखर इतकी खाली गेली की त्याला आकडा दाखवता येत नाही." खाली! मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. दोनदा विचारलं. तो खालीच म्हणाला. मग तिथल्या तिथे शिरेतून साखर दिली आणि थोड्या वेळाने तुमच्या धाकटीने डोळे उघडले. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "गॅस बंद केलात का?" मी रडलो. तो गाडीतला माणूस हसत होता.

इथल्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आजींना डायबेटिस आहे का? म्हटलं, तपासलेला नाही. कुठली औषधं घेतात? म्हटलं, ब्लडप्रेशरची एक, नवीन सुरू केलेली. घरात कुणी डायबेटिसच्या गोळ्या घेतं का? म्हटलं, मी घेतो. मग त्यांनी विचारलं, "चुकून तुमची गोळी त्यांनी घेतली असेल का?" मी म्हटलं, ती माझ्या गोळ्यांना हातसुद्धा लावत नाही.

हे खरंच आहे, अक्का. तुम्हाला माहीत आहे ती. गोळी म्हटलं की तोंड फिरवते.

एक विचारायचं होतं. तुमच्या आईला शेवटी शेवटी फार तहान लागायची ना? वजन उतरलं होतं ना? धाकटीचंही गेले काही महिने अगदी तसंच चाललं आहे. सारखं पाणी पिते, सारखी उठते, गाल बसले आहेत. मलाही सुरुवातीला हेच झालं होतं. मी तिला कितीदा म्हटलं, चल तपासून घे. ती म्हणते, "तुम्हाला झालंय ते जगाला झालंच पाहिजे का?" तुमच्या आईचं नक्की काय होतं ते आठवून कळवा. मला जाणून घ्यायचं आहे.

तुम्ही गुडघा घेऊन निघू नका. मी आहे इथे.

आपला,
गुरांचा डॉक्टर
(तुम्हीच ठेवलेलं नाव, म्हणून लिहिलं. धाकटीला सांगितलं तेव्हा ती हसली.)


गुरुवार, ता. ११

अक्का,

मंगळवारचं पत्र तुम्हाला मिळालं असेल नसेल. त्यात मी "बरी आहे, बरी आहे" असं दोनदा लिहिलं. ते आता धरू नका.

काल दुपारी ती पुन्हा गेली. गेली म्हणजे तशी नाही. पुन्हा घाम, पुन्हा डोळे फिरले, या वेळी हातपाय झाडले. दोन सिस्टर धावल्या, एकीने मला बाहेर काढलं. मी काचेतून बघत होतो. एक म्हातारी बाई पलंगावर आपटते आहे आणि ती आपली आहे, हे काचेतून बघणं काय असतं ते मला लिहिता येत नाही.

आणि हे कधी? सगळं सुरळीत होत आलं असताना! मंगळवारी संध्याकाळी ती उठून बसली होती, शेजारच्या पलंगावरच्या बाईला माझ्या तक्रारी सांगत होती. काल सकाळी सलाईन चालू असताना सिस्टरने बोट टोचलं आणि सहज म्हणाली, "दोनशे ऐंशी." अक्का, तुम्हाला यातलं काही समजणार नाही, पण माझ्यासारख्याला दोनशे ऐंशी म्हणजे काय ते ठाऊक आहे. माझे दोनशे ऐंशी झाले तेव्हा डॉक्टरांनी मला असं झापलं होतं की कान लाल झाले होते. मी सिस्टरला म्हटलं, अहो, फार वाढली! ती म्हणाली, "सलाईनची आहे ती, उतरेल." आणि निघून गेली. कुणाला काही वाटलंच नाही. मला वाटलं, हे सगळे एका टोकाला धावत होते, आता साखर दुसऱ्या टोकाला जाते आहे त्याकडे कुणाचं लक्ष नाही. मी घाबरलो. ती केळं मागत होती, ते दिलं. आणि दुपारी हे.

आता डॉक्टरीणबाईंची मती गुंग झाली आहे. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटात मागच्या बाजूला एक अवयव असतो, त्यावर कधी कधी एक बारीकशी गाठ येते आणि ती उगाचच साखर उतरवणारा रस सोडत राहते. रक्त लांबच्या तपासणीला पाठवलं आहे, त्याला दिवस लागतील. तोवर इथे ठेवायला ते तयार नाहीत. उद्या सकाळी गाडीने तिला मोठ्या हॉस्पिटलात नेणार. तिथे मशीनमध्ये घालून गाठ शोधतील. सापडली तर पोट उघडावं लागेल. आमच्या मुलीने तिकडून फोनवर हो म्हटलं आहे, ती थेट तिथेच येते आहे. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त सही करा आणि शांत राहा." शांत राहा!

धाकटीला अजून गाठीचं सांगितलेलं नाही. ती मला म्हणाली, "माझ्यामुळे तुमच्या जेवणाचे हाल होतात हो." तिच्या हाताला सुया टोचून टोचून निळे डाग पडले आहेत आणि काळजी माझ्या जेवणाची.

सहीचा कागद माझ्या खिशात आहे. अजून केलेली नाही. सही करण्याआधी तुम्हाला लिहायचं ठरवलं. आता नीट लिहितो.

तुम्ही मला गुरांचा डॉक्टर म्हणता, पण मी डॉक्टर नव्हतो, अटेंडंट होतो. शाळा चौथीत सुटली. जनावरं धरायची, बांधायची, औषध पाजायचं, हे माझं काम. आणि त्या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे आमचे साहेबसुद्धा म्हणायचे. पिसाळल्यासारखा करणारा कुत्रा असो, जबडा न उघडणारी मांजर असो, गोळी पोटात गेली पाहिजे म्हटलं की जायची. कुत्र्याची एक रीत आहे. खाण्याचे तीन तुकडे करायचे. पहिला तुकडा नुसता द्यायचा. तो हुंगून, चावून खातो आणि त्याचा विश्वास बसतो. दुसऱ्यात गोळी असते. आणि तो तोंडात असतानाच तिसरा त्याच्या डोळ्यांसमोर धरायचा. तिसऱ्याच्या घाईत तो दुसरा न चावताच गिळतो. त्याला पत्ताही लागत नाही. मालक टाळ्या वाजवायचे.

धाकटीला मी बाबापुता केलं, रागावलो, अबोला धरला. ती तपासायला येईना. रोज तिचे गाल बघायचे आणि रोज वाटायचं, हिचं आतून पोखरत चाललं आहे आणि मी, ज्याला हे सगळं माहीत आहे, तो नुसता पेपर वाचत बसलो आहे. माझ्याकडे दोन प्रकारच्या गोळ्या आहेत. एक मोठी पांढरी, तिने मला आधी जुलाब झाले होते. तिचं पोट नाजूक, म्हणून ती नको म्हटलं. दुसरी छोटी, हिरवी. सकाळी खाण्याआधी घ्यायची. दुकानदार माझ्या चिठ्ठीपेक्षा जास्त देत नाही. म्हणून मी माझीच अर्धी करायला लागलो. अर्धी मला, अर्धी तिला.

सकाळी केळं सोलायचं आणि कापायचं. तीन काप. तिच्या दाढा गेल्या आहेत, ती मऊ पदार्थ चावत नाही, गिळतेच.

काही दिवस गेले तरी फरक दिसेना. तिचं पाणी पिणं तसंच. सोमवारी मी तिला अख्खी दिली. सोमवारी म्हणजे त्याच दिवशी, ज्या दिवशी तिने वर काहीही खाल्लं नाही.

आता लिहून झालं. पहिल्यापासून वाचून पाहिलं. अक्का, मी डॉक्टरीणबाईंना खोटं एक अक्षर बोललेलो नाही आणि तरी माझ्या तोंडाने कुणी असं खोटं बोललं नसेल. तिने गोळीला हात लावला नाही. लावला नाहीच.

आणि हे सगळं मी तुम्हाला कशासाठी लिहितो आहे? तुमच्यापर्यंत पत्र पोचेल तोवर गाडी तिला घेऊन गेलेली असेल. नसलेली गाठ शोधायला तिचं पोट फाडतील. तुम्ही वाचून कपाळाला हात लावाल, पण तुमचा हात तिथे पोचणार नाही. डॉक्टरीणबाई समोरच्या दाराआड बसल्या आहेत. दाराखालून उजेड दिसतो आहे.

या पत्राखालीही सही करत नाही. उठतो.


शनिवार, ता. २०

अक्का,

तुमचं पत्र मिळालं. "आईला डायबेटिस नव्हता, तिला पाणी प्यायची सवयच होती," एवढी एक ओळ आणि खाली तुमची सही. बाकी तुम्ही काही लिहिलं नाही. मी तुमच्या जागी असतो तर तेवढंही लिहिलं नसतं.

हे पत्र धाकटीने लिहायला लावलं आहे. "अक्काला तुम्ही अर्धंच सांगितलंय. उरलेलं तुमच्याच हाताने जाऊ दे," असं म्हणाली. लिहून झालं की ती वाचणार आणि मग पाकीट बंद होणार. त्यामुळे यात मला काही गाळता येणार नाही.

त्या दिवशी मी आत गेलो. डॉक्टरीणबाई चहा पीत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, केळं, काप, हिरवी गोळी, सगळं. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि फोन उचलून आधी कुणाला तरी काही इंजेक्शन आणायला सांगितलं. मग मला विचारलं, "गोळी कुठली? दाखवा." मी खिशातून पाकीट काढलं. "रोज किती?" अर्धी. सोमवारी अख्खी. "म्हणजे शेवटची सोमवारी?"

मी पाकीट पुन्हा खिशात घालायला लागलो.

"आजोबा, शेवटची कधी?"

मी म्हटलं, काल.

"काल? काल तर त्या इथे होत्या."

हो. इथेच. दोनशे ऐंशी ऐकल्यावर. ती केळं मागत होती असं मी तुम्हाला लिहिलं, ते खोटं. तिने काहीच मागितलं नव्हतं. मी खालच्या दुकानातून केळं आणलं, पलंगाच्या कडेला बसून तीन काप केले आणि सिस्टर पाठमोरी असताना दुसरा तिला दिला. या वेळी अख्खी. सलाईन लावलेला तिचा हात माझ्या हातात होता. ती मला म्हणाली, "इथेसुद्धा?" आणि खाल्लं.

डॉक्टरीणबाई उठून खिडकीशी गेल्या. मला वाटलं, पोलिसांना बोलावणार. बोलावलं असतं तरी मी काय म्हणणार होतो? मग त्या परत येऊन माझ्यासमोर बसल्या आणि एखाद्या पोराला शिकवावं तसं मला सांगितलं. ही गोळी साखर मोजून काम करत नाही. पोटात गेली की शरीराला पिळून साखर उतरवणारा रस बाहेर काढत राहते, समोर जेवण असो वा नसो, साखर जास्त असो वा नसो. ज्याला आजार नाही त्याला ती सरळ खड्ड्यात ढकलते. म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडं थकलेली असतात, मग ती अंगातून लवकर बाहेरही पडत नाही. दोनशे ऐंशी हा आकडा त्यांनी शिरेतून घातलेल्या साखरेचा होता, तिच्या अंगाचा नव्हता. "तुम्हाला ही गोळी दिली तेव्हा सांगितलं होतं ना, घेतली की जेवायचंच? आणि घाम, थरथर, बडबड सुरू झाली तर माणूस गिळू शकतोय तोवर लगेच साखर द्यायची?"

सांगितलं होतं. मी ते माझ्यासाठीच आहे असं समजलो होतो. शेजारीण साखरेचं पाणी घेऊन उभी होती, ते मी हाताने सारलं. त्या बाईच्या डोळ्यांत बघायची मला अजून हिंमत होत नाही.

गाडी रद्द झाली. त्या गोळीचा जोर मोडणारं इंजेक्शन दिलं, सारखं बोट टोचत राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून आकडे जागेवर राहिले. गाठ नाही. मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी असते, तीही केली. तुमच्या बहिणीला डायबेटिस नाही. कधीच नव्हता. तिची ब्लडप्रेशरची नवी गोळी लघवी वाढवणारी आहे, म्हणून सारखं उठणं आणि म्हणून तहान. आणि गाल बसले ते दाढांमुळे. चावता येत नव्हतं म्हणून ती निम्मंच जेवत होती आणि लाजून सांगत नव्हती. एवढंच होतं, अक्का. मी एकदा जरी नीट विचारलं असतं, "तू जेवत का नाहीस?" तर कळलं असतं. मी विचारत होतो ते "तू तपासून का घेत नाहीस?" हे. तेही ओरडून.

माझंही बोट टोचलं. माझा आकडा तीनशेच्या वर. अर्धी गोळी तिला देत होतो, त्याचा परिणाम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघांनाही धोक्यात घातलंत." आता माझी गोळी ठरल्याप्रमाणे, अख्खी, फक्त मला, समोर ताट आल्यावरच. एखादी चुकली तर दोन घ्यायच्या नाहीत. त्यांनी हे माझ्याकडून म्हणून घेतलं.

मुलगी आली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, आई कुत्रा आहे का?" मग बाहेर जाऊन बसली. तिचं बरोबर आहे.

धाकटीला सांगायचं राहिलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी सांगू? मी म्हटलं, नको. मी पलंगाजवळ बसलो. ती केस विंचरत होती. मी सांगायला लागलो आणि तिने विंचरणं थांबवलं नाही. मी सगळं सांगितलं, तरी तिचा फणीचा हात चालूच. मला वाटलं, कळलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यात."

मी म्हटलं, हो.

"पहिला नुसता. आणि तिसरा तुम्ही असा समोर धरायचात, हसून."

मी पलंगावरची चादर सारखी करायला लागलो.

"मला वाटायचं, या वयात का होईना, तुम्हाला सुचलं. रोज स्वतः कापून, हाताने भरवायचं. मी समोरच्या बाईला सांगितलं होतं. अक्कालासुद्धा कळवलंय मी, की आमचे हे आता फार बदललेत म्हणून."

तिने तुम्हाला असं लिहिलं होतं हे मला माहीत नव्हतं. अक्का, ती पलंगावर आपटताना काचेतून बघितली तेव्हाही मला एवढा धक्का बसला नव्हता. मी तिला मारत आणलं होतं, ते तिने एका वाक्यात बाजूला ठेवलं. "घाबरट माणूस तुम्ही, घाबरून केलंत," एवढंच म्हणाली. पण कापांचं तिने बाजूला ठेवलं नाही. मी सांगायचा प्रयत्न केला, की अगं, तेही खरंच होतं, तुझ्यासाठीच होतं. ती म्हणाली, "पहिला आणि तिसरा खरा होता का?"

सोमवारी घरी आणलं. मी भात टाकायला निघालो तर म्हणाली, "तुम्ही चुलीपासून लांब राहा." ओट्यापाशी स्टूल ठेवून बसली आणि एका हाताने कडेला धरून स्वयंपाक केला. अंगात त्राण नाही, कढई उचलता येत नाही, पण मला हात लावू देईना. मुलीने केलेलं खाते, तिने स्वतः केलेलं खाते. मी पाण्याचा पेला भरून दिला तर तो तसाच ठेवते आणि थोड्या वेळाने उठून दुसरा भरून घेते. ओरडत नाही. ओरडली असती तर मला सवय आहे.

परवा मुलगी बाहेर गेली होती. धाकटीने माझं ताट वाढून टेबलावर ठेवलं. मी गोळी घेतली आणि नुसता बसून राहिलो, घास उचलवेना. ती समोर उभी होती. म्हणाली, "गोळी घेतलीत, आता जेवा. तुमच्या ताटात मी काही मिसळलेलं नाही."

ती टोमणा मारत नव्हती, अक्का. टोमणा मारताना तिच्या भुवया वर जातात, मला माहीत आहे. भुवया जागेवर होत्या. ती खरंच मला खात्री देत होती. मला ते आवश्यक वाटत असेल असं समजून. आमच्या घरात आता जेवायला बसताना हे सांगावं लागतं.

मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

मुलगी मंगळवारी धाकटीला घेऊन तुमच्याकडे येते आहे. दाढांचं काम तिकडेच करून घेणार, तिकडचा दातांचा डॉक्टर चांगला आहे म्हणते. किती दिवस राहणार ते ती बोलत नाही आणि मी विचारलेलं नाही. मला ये म्हणाली नाही. माझ्यासाठी पिशवीभर सूचना देऊन चालली आहे, दूध कधी उतू जातं, गॅसची नळी कुठे बंद करायची, गोळी कधी. समोरची बाई दिवसातून एकदा डोकावेल. मी एकटा असताना गोळी घेऊन जेवायचं विसरलो तर काय, याची तिला काळजी लागली आहे. स्वतःची नाही.

तिने मला माफ करावं म्हणून तुम्ही तिला काही बोलू नका. तुमचं ती ऐकते, म्हणूनच बोलू नका. तिला मऊ भात लागेल, भाजी बारीक चिरून. ते तुम्हाला माझ्याकडून कळायला नको खरं तर.

माझं एकच मागणं आहे. तिकडे पोचल्यावर, पहिल्या दिवशी नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी, जेव्हा ती समोरच्या ताटाकडे न बघता, कुणी वाढलं, कशात काय आहे याचा विचार न करता, तुमच्याशी गप्पा मारत मारत जेवेल, तेव्हा मला एक ओळ टाका. काय खाल्लं ते लिहू नका. माझ्याबद्दल काही बोलली का, तेही नको.

पोटभर जेवली, एवढंच लिहा.

धाकटीचा,
मी